नऊ दिवसांत वाळलेलं लाकूड

ओलं लाकूड वाळवण्यात एवढं काय आहे, असं ज्यांना वाटतं त्या उंटावरच्या शहाण्यांत पहिला नंबर माझ्या वडिलांचा लागतो. बाबा करी रोडच्या एका कापड गिरणीत सायझिंग खात्यात होते. तिथे सुताला खळ लावायची आणि वाफेने तापलेल्या मोठाल्या सिलिंडरांवरून फिरवून ते वाळवायचं, हे काम. ओलं सूत एका बाजूने आत जायचं आणि दुसऱ्या बाजूने कडक होऊन बाहेर यायचं. रोज आठ तास हे बघून बाबांची अशी समजूत झाली होती की जगात वाळवण्यासारखं जे काही आहे त्यातलं आपल्याला सगळं कळतं. आईने गॅलरीत कोकमाची सोलं सुकत घातली की बिडी ओढत तिला सल्ला द्यायचे. शेजारच्या खोलीवाल्यांच्या बोंबलांवर मत द्यायचे, ओले कपडे पिळण्याची बरोबर पद्धत सांगायचे. स्वतः मात्र आंघोळीनंतर पंचा कधी दोरीवर टाकला नाही. तो खुर्चीच्या पाठीवर आंबत पडायचा आणि आई बडबडत उचलायची.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन टायपिंगच्या क्लासला जात होते आणि संध्याकाळी परळच्या एका व्यायामशाळेत धनुर्विद्या शिकत होते. धनुर्विद्या हा शब्द आमच्या मास्तरांचा. आम्ही अकरा जण होतो, बांबूची तीन धनुष्यं होती आणि गवताचा भारा बांधून केलेलं एक लक्ष्य होतं. मास्तर हे व्यायामशाळेचे प्रमुख. पांढरी स्वच्छ पँट, पांढरा शर्ट आणि गळ्यात शिट्टी. बाण सोडण्याआधी अर्जुनावर दहा मिनिटं बोलायचे. त्यांनी स्वतः बाण मारलेला आमच्यात कुणी पाहिल्याचं आठवत नाही. पण मला नेम धरायला येत होता. का ते माहीत नाही, घरात कुणालाच येत नव्हतं. मार्गशीर्षात संघाची निवड होणार होती आणि तो संघ नागपूरला जाणार होता. त्यात मुलींच्या जागा दोन. त्यातली एक मला हवी होती. इतकी हवी होती की रात्री जेवताना घास हातात राहायचा. नागपूरला जाऊन मी काय दिवे लावणार होते कोण जाणे, पण माझ्यापुढे दुसरं जे वाढून ठेवलं होतं ते मला दिसत होतं. टायपिंगची परीक्षा, मग कुठल्यातरी ऑफिसात पत्रं बडवणं, मग गावाकडून आलेलं एखादं स्थळ. बांबूचं धनुष्य दूरच्या लक्ष्याला पुरत नव्हतं. चांगलं लाकडी धनुष्य मिळालं तर आपला नंबर लागणार, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

लाकूड आलं मामाकडून. माझा मामा मालवणच्या वरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी राहायचा. कुऱ्हाडीचे दांडे, नांगराचे इसाड, बैलगाडीचं जू, असलं काही हवं असलं की आजूबाजूच्या पाच गावांतली माणसं त्याच्याकडे यायची. वैशाखात आम्ही गावी गेलो तेव्हा मी धनुष्याचं बोलले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो मला घेऊन डोंगरात गेला. धामण नावाचं झाड असतं. उभं फाडलं तर सरळ फाटतं आणि वाकवलं तर परत जागेवर येतं. मामाने झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, खोडाला हात लावून जरा वाट बघितली, मग तोडलं, फाळ्या केल्या, साल काढली आणि प्रत्येक फाळीच्या दोन्ही तोंडांना पातेल्यात वितळवलेलं मेण फासलं. तोंडाकडून पाणी लवकर जातं आणि तिथून चिरा पडायला लागतात, म्हणून. सहा फाळ्या निघाल्या. त्यातली एक मला दिली.

"सावलेत ठेव. पंधरा दिसांनी कूस बदल आणि वजन कर," तो म्हणाला. "वजन उतरायचा थांबला काय समजायचा, सुकला. पुढच्या वैशाखापर्यंत तेका हात लावू नको गो."

"वर्षभर?" मी म्हटलं. "मामा, निवड मार्गशीर्षात आहे."

"मगे औंदा व्यायामशाळेच्या धनुष्यान खेळ. लाकडाक घाई करशीत तर ता तुका दगो देतलाच."

मी मान हलवली आणि मनात म्हटलं, याला काय कळतंय. हे लिहिताना आज लाज वाटते असं म्हणणं सोपं आहे, पण लाज मला तेव्हाही वाटत होती, ती मामाची. तो भुरके मारून पेज प्यायचा, मुंडाशाच्या टोकाने नाक पुसायचा, मुंबईला आला की ट्रामच्या रुळांतून चालल्यासारखा रस्त्याच्या मधोमध चालायचा. मी मॅट्रिक झालेली, मिनिटाला तीस शब्द बडवणारी. झाडाभोवती फेऱ्या मारणाऱ्या माणसाकडून शिकण्यासारखं मला काही वाटत नव्हतं. व्यायामशाळेत मात्र मी फाळी मिरवत नेली. मास्तरांनी ती हातात घेऊन तिच्यावर अर्धा तास भाषण केलं आणि मामाला निरोप धाडला की उरलेल्या पाच फाळ्या नीट वाळवून व्यायामशाळेसाठी ठेवा, पुढच्या वर्षी पाच धनुष्यं करू. मामाने शाळेच्या गुरुजींकडून कार्ड लिहवून घेतलं, की फाळ्या माळ्यावर ठेवल्या आहेत, काळजी नसावी, आणि मुंबईच्या मोठ्या लोकांनी आठवण ठेवली याचा आनंद झाला. ते कार्ड बाबांनी मोठ्याने वाचून दाखवलं आणि 'मोठ्या लोकांनी'ला हसले. मीही हसले.

आमची खोली दहा बाय बारा. तिच्यात सहा माणसं, एक देव्हारा, एक पलंग आणि माळा. फाळी माळ्यावर दोन विटांवर आडवी ठेवली होती. आजकाल ज्याला त्याला चाळीतल्या माणुसकीचे कढ येतात. माणुसकी असेलही, पण आमच्या मजल्यावर सोळा बिऱ्हाडं होती आणि सोळाही आमच्याच गावची किंवा शेजारच्या गावची, त्यामुळे माळ्यावर काय आहे हे सगळ्यांना ठाऊक आणि त्यावर बोलण्याचा सगळ्यांना हक्क. कुणी म्हणे, उन्हात टाका. कुणी म्हणे, मिठात पुरा. पहिल्या खोलीतले काका म्हणत, मुलीच्या जातीला धनुष्य कशाला, आणि हे सांगायला दर रविवारी आमच्याकडे येऊन आईच्या हातचं बांगड्याचं तिखलं आणि उकड्या तांदळाचा भात जेवून जायचे. मी दर पंधरा दिवसांनी फाळी खाली काढायची, कोपऱ्यावरच्या वाण्याच्या तराजूत टाकायची आणि वजन भिंतीवर पेन्सिलीने लिहायची. जेठात ते जरा उतरलं. आषाढात उतरायचं थांबलं. श्रावणात, चाळीच्या भिंतींना हात लावला तरी ओला व्हायचा अशा दिवसांत, ते चक्क वाढलं. मी तराजूसमोर उभी राहून रडले. वाणी म्हणाला, "बेन, लाकूड पाणी पितंय, त्याला काय करणार?" तेवढ्या दिवसांत मला कुणी खरं सांगितलं असेल तर त्याने.

मग बाबांनी सूत्रं हातात घेतली. आधी फाळीचा बाक काढायचा होता, कारण मधल्या हातभर भागात ती एका बाजूला झुकली होती. मामाने सांगितलं होतं की बाक लाकूड वाळल्यावर काढायचा. बाबांनी रविवारी सकाळी बंब पेटवला, त्याच्या तोंडावर फाळी धरली, वरून ओलं गोणपाट गुंडाळलं आणि वाफ द्यायला सुरुवात केली. अख्खी गॅलरी बघायला जमली, पाणी तापायचं थांबलं, आणि आंघोळीला खोळंबलेले लोक टॉवेल खांद्यावर टाकून शिव्या देत उभे राहिले. लाकूड ऊन झाल्यावर बाबांनी ते गुडघ्याखाली दाबून वाकवलं, गॅलरीच्या लाकडी खांबाला सुंभाने करकचून बांधलं आणि मध्ये पाचर ठोकली. तीन दिवस ते खांबाला बांधलेलं होतं. सोडलं तेव्हा सरळ होतं, हे कबूल करायला हवं. ओलं लाकूड कसंही वळतं. पण हे आमच्यातल्या कुणाला ठाऊक नव्हतं आणि बाबा मजल्यावर फिरून सांगत होते की मेव्हण्याला जे वर्षभरात जमणार नव्हतं ते आपण तीन दिवसांत केलं.

"आता राहिलं वाळवणं," ते मला म्हणाले. "अगो, तुझा मामा माळ्यावर ठेवतो, कारण त्याच्याकडे माळाच आहे. माझ्याकडे अख्खं सायझिंग आहे. आमच्याकडे सूत क्षणात वाळतं. ह्या काठीला फार तर आठवडा."

"मामा म्हणाला होता—"

"मामा गिरणीत किती वर्षं होता?"

हा प्रश्न बिनतोड होता, आणि खरं सांगायचं तर मला तो बिनतोडच हवा होता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशी आमची गत. बाबांनी फाळी एका लोखंडी पट्टीला बांधली, परत वाकू नये म्हणून, आणि झाडूचा दांडा आहे असं फाटकावर सांगून आत नेली. सिलिंडरांच्या मागे, वाफेच्या नळाला लागून ती नऊ दिवस उभी होती. जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, माहीत होतं. तो रोज येता-जाता तिला टिचकी मारायचा आणि 'वाजायला लागली' असं सांगायचा. नवव्या दिवशी बाबांनी ती बाहेर आणली, वाण्याकडे नेली, आणि वजन खरोखरच पुष्कळ उतरलं होतं. शेवटचे तीन दिवस तर गिरणीतल्या काट्यावर ते हललंही नव्हतं. बोटाने ठोकली की खणखणीत आवाज यायचा. वरचं लाकूड इतक्या घाईने आवळलं होतं की आतलं पाणी आतच कोंडून राहिलं होतं, हे मला पुढे कित्येक वर्षांनी एका फर्निचरवाल्याने दोन वाक्यांत सांगितलं. मामानेही सांगितलं असतं. विचारलं कुणी?

गिरणीतल्या सुताराने फाळी तासून धनुष्याचा आकार दिला. तासताना मुठीच्या खाली, पोटाच्या म्हणजे मारणाऱ्याकडच्या बाजूला, दोऱ्याएवढी बारीक चीर दिसली. बाबांनी तिच्यात लाख भरली, वरून पॉलिश मारलं. मी त्या जागेवरून बोट फिरवलं होतं. लाखेचा गुळगुळीतपणा आणि लाकडाचा गुळगुळीतपणा वेगळा लागतो, हे मला कळलं होतं. तरी मी दोरी चढवली. धनुष्य फार देखणं झालं होतं.

आता ती गिरणी नाही. तिच्या जागी जो टॉवर आहे त्यात मी राहते, एकोणिसाव्या मजल्यावर, मुलाच्या कृपेने. खाली लॉबीत शोभेचं एक लाकडी धनुष्य टांगलं आहे. सेक्रेटरी येणाऱ्या-जाणाऱ्याला 'अगदी नॅचरल वूड' असं सांगतात. सहा महिन्यांत ते पिळवटून एका अंगाला गेलं आहे आणि एसीच्या झोताखाली त्याला वरपासून खालपर्यंत चीर गेली आहे. कुणाला दिसत नाही. माणसांना वरचं पॉलिश दिसतं, एवढी माझी खात्री झाली आहे.

निवडीच्या दिवशी सकाळी मैदानावर गेले तर मामा तिथे आधीच आलेला. मास्तरांनीच त्याला बोलावलं होतं, धनुष्यांचं लाकूड देणारे म्हणून चार लोकांसमोर त्याची ओळख करून द्यायला. बोटीतून उतरून तो भाऊच्या धक्क्यावरून तडक मैदानावर आला होता. अंगात लग्नातला काळा कोट, हातात सोलांची आणि उकड्या तांदळाची पिशवी. मास्तरांनी त्याला पहिल्या रांगेत, खुर्चीवर बसवलं होतं. तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. मी व्यायामशाळेच्या धनुष्याने खेळणार अशीच त्याची समजूत होती. माझ्या हातातलं धनुष्य बघून तो उठला.

"गो, ह्या खंयचा?"

मी दोरीची गाठ तपासायला लागले.

"ही माझी धामण मा?" त्याने धनुष्याच्या पोटाच्या बाजूला हात फिरवला आणि त्याचं बोट लाखेवर बरोबर थांबलं. "बाय माझे, थांब. ह्या ओढू नको."

माझ्या नावाचा पुकारा झाला होता. आजूबाजूच्या मुली बघत होत्या. त्यांतल्या दोघी दादरच्या होत्या, सफेद बूट घातलेल्या. एकीला मामाच्या मुंडाशाचं हसू आवरत नव्हतं.

"मामा, तू गप बस ना तिथे," मी म्हटलं. "तुला यातलं कळत नाही."

तो बसला.

पहिले दोन बाण चांगले गेले. तिसऱ्याला दोरी कानापर्यंत ओढली आणि धनुष्य मुठीखाली मोडलं. आवाज लाकडाचा नव्हता, ओल्या फांदीचा होता. वरचा तुकडा उलटून माझ्या भुवईवर बसला आणि डोळ्यात रक्त उतरलं. ती खूण अजून आहे. कुणीतरी रुमाल दिला. मास्तर शिट्टी वाजवत आले. नियम असा होता की स्वतःच्या निष्काळजीपणाने साधन मोडलं तर खेळाडू बाद. खेळाडूचा दोष नसेल तर व्यायामशाळेच्या धनुष्याने पुन्हा संधी. मास्तरांनी तो नियम सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगितला आणि विचारलं, "लाकूड पुरतं वाळवलं होतं का?"

"लाकूडच खराब होतं," बाबा गर्दीतून म्हणाले. "मेव्हण्याने दिलं तसं आम्ही वापरलं." नाचता येईना अंगण वाकडं, तसा बाबांचा स्वभाव. त्यांच्याकडून दुसरं काही अपेक्षित नव्हतं. पण मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. "तू सांग."

मी रुमालाने एक डोळा दाबून धरला होता. दुसऱ्या डोळ्याला मामा दिसत होता. त्याने खाली पडलेला तुकडा उचलला, मोडलेली बाजू नाकाशी नेली आणि वास घेतला. बाहेरून नखाएवढं लाकूड कोरडं, पिवळट होतं आणि आत गाभा ओला, हिरवट. ते त्याच्याइतकं कुणाला कळलं नसेल. त्याने तुकडा उलटा धरला, मोडलेली बाजू कोटाकडे, म्हणजे मास्तरांना दिसणार नाही अशी.

"मामा म्हणाला होता वाळलंय," मी म्हटलं.

मास्तर मामाकडे वळले. "काय हो, असलं लाकूड देणार होतात आम्हांला? पोरीचा डोळा गेला असता."

"होय, चूक माझी," मामा म्हणाला. "माका कळूक होया होता."

मला पुन्हा संधी मिळाली. एका डोळ्याने आणि बांबूच्या धनुष्याने मी सहा बाण मारले आणि माझी निवड झाली. मास्तरांनी तिथेच जाहीर केलं की पाच धनुष्यांचा बेत रद्द, बाहेरगावच्या अडाण्यांवर विसंबून चालणार नाही. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसलं होतं.

दुपारी घरी आईने बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी केली होती. वाढता वाढता तिने भावाला फैलावर घेतलं. पोरीच्या जिवावर बेतलं असतं, म्हाताऱ्या माणसाला एवढं कळू नये, आबा, म्हणजे माझे आजोबा, असते तर काय म्हणाले असते. मामा मान खाली घालून जेवत होता. भुरके मारत नव्हता. बाबांना सोलकढी एकदम फार आवडली होती आणि ते ती सारखी मागत होते. मी समोर बसून भाताची शितं गोळा करत होते. संध्याकाळी तो निघाला तेव्हा माझ्या भुवईवरची पट्टी बघून म्हणाला, "हळद लाव गो," आणि गेला.

नागपूरला मी गेले. चौदा मुलींत अकरावी आले. एवढ्यासाठी.

पण गोष्ट तिथे संपली असती तर मी ती लिहिलीही नसती. लोक पोरवयात खोटं बोलतात, त्यात विशेष नाही. आमच्या मजल्यावरची सोळा बिऱ्हाडं शिमग्याला गावी गेली आणि मुंबईत काय झालं ते घरोघर सांगून आली. वैशाखात आम्ही गेलो तेव्हा मामाच्या अंगणात पूर्वीसारखी माणसं नव्हती. दांडे करायला, जू बसवायला लोक आता पलीकडच्या वाडीत जात होते. व्यायामशाळेसाठी ठेवलेल्या पाच फाळ्या वर्ष भरून पुरत्या वाळल्या होत्या. मामाने त्या बाक काढून सरळ करून ठेवल्या होत्या, एकीलाही चीर नव्हती. मामी म्हणाली, "येतत ते विचारतत, मुंबयक धाडलंस तसलाच काय रे? हे कायेक बोलत नाय."

एका सकाळी मामा ओटीवर बसला होता आणि मी कोकमाचं सरबत पीत होते. शेजारच्या वाडीतला एक माणूस कुऱ्हाड खांद्यावर टाकून वाटेने चालला होता. तो थांबला, मामाकडे बघून हसला आणि मला विचारलं, "काय गो, खरा काय ता? ह्येच्या लाकडान तुझो डोळो जाता जाता रवलो?"

मामाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. तो नुसता थांबला होता, जसा त्या दिवशी झाडाला हात लावून थांबला होता. त्या अंगणात मास्तर नव्हते, शिट्टी नव्हती, सफेद बुटांतल्या मुली नव्हत्या. निवड होऊन गेली होती, नागपूर होऊन गेलं होतं. खरं बोलले असते तर माझं काहीही जाणार नव्हतं, आणि त्या माणसाने दुपारपर्यंत ते पाच गावांत पोचवलं असतं.

"हो," मी म्हटलं.

तो माणूस पुढे गेला. मामाने माझ्या हातातलं रिकामं भांडं घेतलं आणि आणखी सरबत हवं का म्हणून विचारलं.